इंग्रजी बोलण्यातील उच्चारभेद यंत्राच्या मदतीने कसे शोधावेत

इंग्रजी बोलणारी एकच व्यक्ती एकाच संभाषणात 'वॉकिंग' हा शब्द कधी शेवटी 'ङ्' ठेवून उच्चारते, तर कधी 'न्' ठेवून. 'लास्ट वीक' म्हणताना 'लास्ट'मधला शेवटचा 'ट्' कधी स्पष्ट ऐकू येतो, कधी अजिबात येत नाही. असे फरक वरवर पाहता अनियमित वाटतात, पण ते तसे नसतात. शब्द क्रियापद आहे की नाम, पुढचा ध्वनी कोणता आहे, बोलण्याचा वेग किती आहे, प्रसंग औपचारिक आहे की घरगुती आणि बोलणारी व्यक्ती कोणत्या समाजगटातली आहे, या सगळ्यांचा त्यांच्याशी संबंध असतो. जॉन फिशर यांनी १९५८ साली न्यू इंग्लंडमधल्या २४ मुलांच्या बोलण्यातील 'ङ्' आणि 'न्' यांची निवड अभ्यासली. विल्यम लबॉव यांनी १९६२ साली न्यू यॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांतील कर्मचाऱ्यांना 'फोर्थ फ्लोअर' हे शब्द बोलायला लावून त्यांतला 'र' ऐकू येतो की नाही, याची नोंद घेतली. ही सगळी कामे कानाने झाली. आज ध्वनिमुद्रणे हजारो तासांची असतात आणि तेवढे ऐकून नोंदवणे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते, म्हणून हे काम काही प्रमाणात यंत्राकडे सोपवले जाते. ते कसे सोपवावे, हे या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी येथे क्रमाने सांगितले आहे.

आरंभीच एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर तिची गरज पडेल. येथे वापरली जाणारी यंत्रणा माणसासारखी ऐकत नाही, आपण तिच्यापुढे ठेवलेल्या पर्यायांमधून ती एक निवडते. पर्याय चुकीचे असले, अपुरे असले किंवा नको तितके असले, तरी ती निवड करतेच आणि ती निवड पडद्यावर तितक्याच ठामपणे दिसते. त्यामुळे या कामातील खरी मेहनत संगणक चालवण्याआधी आणि चालवल्यानंतर असते.

प्रश्न नेमका करणे

नवीन अभ्यासकाने सुरुवातीला एकच उच्चारभेद निवडावा. 'या लोकांचे इंग्रजी कसे वेगळे आहे' हा प्रश्न यंत्राला विचारता येत नाही. 'एकाहून अधिक अवयवांच्या (म्हणजे सिलॅबलांच्या) शब्दांच्या शेवटी येणारा इंग प्रत्यय ङ्-युक्त उच्चारला गेला की न्-युक्त' हा प्रश्न विचारता येतो. हा भेद पहिल्या प्रकल्पासाठी मला सर्वांत योग्य वाटतो, कारण त्याचे रूप दोनच प्रकारांत मांडता येते, तो जगभरच्या इंग्रजीत आढळतो आणि साध्या संभाषणात त्याची उदाहरणे भरपूर मिळतात.

त्यानंतर हा भेद कुठे होऊ शकतो आणि कुठे होऊ शकत नाही, याची सीमा आखावी. 'किंग', 'थिंग', 'सिंग' या एकावयवी शब्दांत 'ङ्' बदलत नाही, म्हणून ते मोजणीत घेऊ नयेत. 'समथिंग' आणि 'नथिंग' मात्र घ्यावेत, कारण त्यांत बदल होतो. शब्दाच्या पुढे 'क' किंवा 'ग' आला, उदाहरणार्थ 'वॉकिंग कॅज्युअली', तर मूळचा 'न्' सुद्धा पुढच्या कंठ्य ध्वनीच्या प्रभावाने 'ङ्' होऊ शकतो, आणि मग दोन रूपांतला फरक कानालाही लागत नाही. अशी उदाहरणे वेगळी काढावीत. शब्दांती 'ट्' आणि 'ड्' गळण्याचा अभ्यास करायचा असेल, तर 'लास्ट टाइम' किंवा 'ओल्ड डॉग' अशा जोड्या त्याच कारणाने बाजूला ठेवाव्या लागतात, कारण पहिल्या शब्दाचा 'ट्' उच्चारला की दुसऱ्याचाच ऐकू आला, हे ठरवण्याचा मार्ग नसतो.

या आखणीचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे आणि नवखे लोक तोच सोडून देतात. केवळ 'न्' किती वेळा आला, एवढे मोजून काहीच कळत नाही. तो जिथे येऊ शकला असता अशा एकूण किती जागा होत्या आणि त्यांपैकी किती ठिकाणी तो आला, हे मोजावे लागते. न आलेली उदाहरणे ही आलेल्या उदाहरणांइतकीच सामग्री असते. यंत्राचा एक मोठा फायदा येथेच आहे. ते लक्षवेधी उच्चारांवर रेंगाळत नाही, प्रत्येक जागेला तेवढाच वेळ देते.

ध्वनिमुद्रण

ध्वनिमुद्रण स्वतः करायचे असेल, तर ते दाबून लहान न केलेल्या वेव्ह फाइलमध्ये करावे. त्याचा नमुनादर, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने घेतले जातात तो आकडा, किमान १६,००० असावा, आणि ४४,१०० असल्यास मूळ प्रत तशीच जपून कामासाठी वेगळी प्रत काढावी. सेकंदाला १६,००० नमुन्यांत ८,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज टिकतो. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीत साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोहोचत असे, आणि 'स', 'फ' किंवा 'थिंक'मधला घर्षक (हवा घासून होणारा) 'थ' यांना ओळखू येण्याजोगी बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असते. त्यामुळे दूरध्वनीवरील मुद्रणातून 'थिंक'चा उच्चार 'फिंक'सारखा झाला का, हे यंत्राला विचारणे व्यर्थ आहे. स्वरांचा अभ्यास त्यातून थोडाफार होऊ शकतो, घर्षकांचा नाही. दृक्‌श्राव्य बैठकांची सॉफ्टवेअरे गोंगाट काढण्याच्या नादात क्षीण व्यंजनेही पुसून टाकतात. ती सोय बंद करता येत असेल, तर बंद करावी.

प्रत्येक बोलणाऱ्यासाठी स्वतंत्र मायक्रोफोन आणि स्वतंत्र चॅनेल असावे. दोन माणसे एकदम बोलत असलेला भाग अलाइनरच्या, म्हणजे मजकुरातला प्रत्येक ध्वनी आवाजात कुठे आहे हे शोधणाऱ्या साधनाच्या, दृष्टीने निरुपयोगी असतो. आवाजावरून माणूस ओळखता येतो, म्हणून मुद्रण कशासाठी वापरले जाईल, कोण ऐकेल आणि ते कुठे साठवले जाईल, हे सांगून लेखी संमती घ्यावी. त्या संमतीत परक्या सर्व्हरवर आवाज पाठवण्याची परवानगी नसेल, तर पुढची सारी साधने स्वतःच्या संगणकावर चालणारीच निवडावीत. सुदैवाने मुख्य साधने तशीच आहेत.

स्वतःचे मुद्रण नसेल, तर शिकण्यासाठी तयार संग्रह उपलब्ध आहेत. टिमिट या संग्रहात अमेरिकेतील ८ बोलीविभागांतल्या ६३० जणांनी प्रत्येकी १० वाक्ये वाचलेली आहेत आणि प्रत्येक ध्वनीची नोंद तज्ज्ञांनी केलेली आहे. बकाय संग्रहात ओहायोतील कोलंबस शहरातल्या ४० जणांचे मोकळे संभाषण असून त्यात सुमारे ३ लाख शब्द ध्वनींच्या नोंदींसह मिळतात. वाचलेले इंग्रजी आणि गप्पांतले इंग्रजी यांत उच्चारभेदांचे प्रमाण फार वेगळे असते, म्हणून माझी शिफारस बकायची आहे. माणसाने केलेली नोंद हाताशी असल्यामुळे आपल्या पद्धतीची परीक्षाही लगेच घेता येते. परभाषकांच्या इंग्रजीसाठी एल-टू आर्क्टिक हा संग्रह आहे. त्यात हिंदी, अरबी, मँडरिन, कोरियन, स्पॅनिश आणि व्हिएतनामी मातृभाषा असलेल्या २४ जणांचे वाचन आहे.

शब्दांकन

अलाइनरला आवाजासोबत बोललेल्या शब्दांचा मजकूर द्यावा लागतो. आजकाल पहिली प्रत आवाजाचा मजकूर करणाऱ्या व्हिस्परसारख्या स्वयंचलित प्रणालीकडून करून घेण्याची पद्धत आहे आणि तिने वेळ खरोखरच वाचतो. मात्र अशा प्रणाली वाचायला सोयीचा मजकूर देण्यासाठी घडवलेल्या असतात. त्या अडखळणे, पुनरुक्ती, अर्धवट सोडलेले शब्द आणि 'अं', 'अम' असे उद्गार पुष्कळदा गाळतात, आणि शांततेच्या जागी कधी न बोललेले वाक्यही घालतात. आपल्याला मात्र जे जसे बोलले गेले तेच हवे असते, कारण मजकुरात नसलेला एक शब्द आवाजात असला की अलाइनर त्याचा वेळ शेजारच्या शब्दांवर पसरवतो आणि तिथले सगळे निष्कर्ष बिघडतात. म्हणून संपूर्ण मजकूर मुद्रण ऐकत हाताने सुधारावा.

या सुधारणेत एक मोह टाळावा. बोलणाऱ्याने 'वॉकिन' म्हटल्यासारखे वाटले, तरी मजकुरात 'वॉकिंग' याच शब्दाचे प्रमाण स्पेलिंग लिहावे. उच्चार कोणता झाला हे शोधणे पुढच्या पायरीचे काम आहे, आणि लेखनातच निर्णय घेतला तर यंत्राला निवडायला काही उरत नाही.

हे काम प्रात किंवा इलान या मोफत साधनांत करावे. प्रात हे ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी घडवलेले साधन असून ध्वनिविज्ञानात ते सर्वत्र वापरले जाते. मजकूर एका सलग ओळीत न ठेवता काही सेकंदांच्या तुकड्यांत, स्वाभाविक विराम पाहून, विभागावा आणि प्रत्येक बोलणाऱ्यासाठी स्वतंत्र पट्टी ठेवावी. प्रातच्या टेक्स्टग्रिड स्वरूपात साठवलेली ही फाइल आणि वेव्ह फाइल यांचे नाव एकच असावे, कारण पुढचे साधन जोडी नावावरूनच ओळखते.

उच्चारकोश: कामाचा गाभा

यंत्रापुढे पर्याय ठेवायचे ते उच्चारकोशातून. इंग्रजीसाठी सर्वाधिक वापरला जाणारा कोश कार्नेगी मेलन विद्यापीठाचा आहे. त्यात १ लाख ३४ हजारांहून अधिक शब्द आहेत, उत्तर अमेरिकी उच्चार ३९ ध्वनिचिन्हांत दिलेले आहेत आणि प्रत्येक स्वराला ०, १ किंवा २ हा आघाताचा अंक जोडलेला आहे. कोश म्हणजे साधी मजकुराची फाइल असते. एका ओळीत एक शब्द, त्यापुढे त्याचे ध्वनी. एकाच शब्दाचे दोन उच्चार द्यायचे असतील, तर तो शब्द दोन ओळींत लिहायचा.

आपल्या प्रकल्पासाठी इंग प्रत्ययाच्या प्रत्येक शब्दाची एक ओळ 'ङ्'ची आणि एक 'न्'ची हवी. हे हाताने करू नये, लहानशा स्क्रिप्टने करावे, कारण सगळ्या शब्दांना सारखेच पर्याय मिळणे अत्यावश्यक आहे. मूळ कोशात काही मोजक्या शब्दांना न्-युक्त पर्याय आधीपासून असतो आणि बहुतेकांना नसतो. कोश तसाच वापरला, तर काही शब्दांत भेद 'सापडतो' आणि बाकीच्यांत कधीच सापडत नाही, आणि तो निष्कर्ष बोलणाऱ्यांविषयी नसून कोशकारांविषयी असतो. 'न्'च्या बाजूला मात्र एकाऐवजी दोन रूपे देणे मला योग्य वाटते. एकात 'न्'च्या आधी ऱ्हस्व 'इ' आणि दुसऱ्यात 'बटन'मधल्या दुसऱ्या अवयवासारखा अस्फुट स्वर. प्रत्यक्ष बोलण्यात दोन्ही येतात, आणि अस्फुट स्वराचे रूप दिले नाही तर यंत्र स्वर जुळवण्याच्या धडपडीत व्यंजनाविषयी चुकीचा निर्णय घेऊ शकते. मोजणीच्या वेळी ही दोन्ही रूपे एकत्र धरावीत.

'ट्' आणि 'ड्' गळण्याच्या अभ्यासात व्यंजनान्त जोडाक्षराच्या प्रत्येक शब्दाला शेवटचे व्यंजन नसलेली दुसरी ओळ द्यावी. 'हाउस', 'हिम' अशा शब्दांतला 'ह' गळतो का, हे पाहायचे असेल तर 'ह' नसलेली. तत्त्व तेच राहते. परंतु हे सगळे पर्याय एकाच कोशात एकदम घालू नयेत. प्रत्येक शब्दाला पाच-सहा रूपे मिळाली की दोन शब्दांच्या सीमेवर असंख्य जुळण्या शक्य होतात आणि यंत्राला चुकण्याच्या वाटाही तितक्याच वाढतात. एका फेरीत एकच उच्चारभेद तपासावा आणि दुसऱ्यासाठी नवा कोश करून पुन्हा फेरी चालवावी.

कोशाच्या ओळींत कधी उच्चारांच्या शक्यतांचे आकडेही असतात. प्रमाण उच्चाराला मोठी शक्यता आणि दुसऱ्याला लहान, असा पूर्वग्रह त्यात दडलेला असू शकतो, म्हणून आपल्या पर्यायांपुढचे आकडे समान करावेत किंवा काढून टाकावेत. कोशात नसलेल्या शब्दांची, विशेषतः विशेषनामांची, यादी अलाइनरच्या तपासणी-आज्ञेतून मिळते. त्यांचे उच्चार स्वतः भरावेत.

बोलणारे ब्रिटिश इंग्रजीचे असतील, तर उत्तर अमेरिकी कोश वापरू नये. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात 'कार्ड'मधला 'र' उच्चारला जात नाही. कोश मात्र तिथे 'र' असल्याचा आग्रह धरतो आणि मग स्वराचा काही भाग 'र' म्हणून कापला जातो.

अलाइनर चालवणे

फोर्स्ड अलाइनमेंट म्हणजे मजकूर ठाऊक असताना त्यातला प्रत्येक ध्वनी आवाजात कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ठरवणे. आवाजाचे साधारण २५ मिलिसेकंदांचे, दर १० मिलिसेकंदांनी पुढे सरकणारे तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्याची ध्वनिवैशिष्ट्ये काढली जातात आणि आधी शिकवलेल्या ध्वनिमॉडेलशी ती कितपत जुळतात, हे पाहिले जाते. कोशाने परवानगी दिलेल्या सगळ्या वाटांपैकी जिची एकूण जुळणी सर्वाधिक असते, ती वाट निवडली जाते. शब्दाला दोन ओळी असतील तर दोन वाटा असतात, आणि कोणती निवडली गेली, हेच आपले उत्तर. या पद्धतीने 'ङ्' आणि 'न्' यांची निवड ओळखण्याचे काम पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात जियाहोंग युआन आणि मार्क लिबरमन यांनी २०११ साली प्रसिद्ध केले.

नवख्यांनी माँट्रिऑल फोर्स्ड अलाइनर वापरावा. तो काल्डी या वाणी-ओळख प्रणालीवर उभारलेला आहे, मोफत आहे आणि कोंडा या पॅकेज-व्यवस्थेतून सहज बसवता येतो. चार आज्ञा पुरतात. पहिलीने अलाइनर बसवावा, दुसरीने इंग्रजीचे तयार मॉडेल उतरवावे, तिसरीने आपल्या फाइलींची तपासणी करावी आणि चौथीने फाइलींचा फोल्डर, आपला सुधारित कोश, मॉडेल आणि निकालाचा फोल्डर या क्रमाने नावे देऊन काम सुरू करावे. तिसरी आज्ञा टाळू नये. नावांची जोडी न जुळणे, रिकामे तुकडे आणि कोशाबाहेरचे शब्द तिथेच उघड होतात.

येथे दोन अंतर्गत मर्यादा समजून घ्यायला हव्यात, कारण निकालातले बरेचसे चमत्कारिक आकडे त्यांतून येतात. पहिली मर्यादा कालावधीची आहे. नेहमीच्या मॉडेलमध्ये प्रत्येक ध्वनीच्या तीन अवस्था असतात आणि प्रत्येक अवस्थेला किमान एक तुकडा, म्हणजे १० मिलिसेकंद, द्यावाच लागतो. त्यामुळे कोणताही ध्वनी ३० मिलिसेकंदांहून लहान दाखवला जाऊ शकत नाही. अतिशय झटपट उच्चारलेला 'ट्' खरोखर असतो, पण तो तेवढ्या जागेत बसत नाही म्हणून गळल्याचे नोंदवले जाते. उलट, गळलेल्या 'ट्'चा पर्याय कोशात नसेल, तर नसलेल्या ध्वनीलाही ३० मिलिसेकंद दिले जातात. निकालात नेमक्या ३० मिलिसेकंदांच्या ध्वनींची गर्दी दिसली, तर ती उदाहरणे आधी ऐकावीत.

दुसरी मर्यादा सूक्ष्म आहे. तयार मॉडेल ज्या आवाजावर शिकले, त्या आवाजातही उच्चारभेद होतेच, पण त्या वेळचा कोश प्रमाण उच्चारांचाच होता. इंग्रजीचे बहुपरिचित मॉडेल लिब्रीस्पीच या सुमारे १,००० तासांच्या पुस्तकवाचनावर शिकवलेले आहे. तिथे कुणी 'ट्' गाळला असेल, तरी मॉडेलला 'हा ट् आहे' असेच सांगितले गेले. परिणामी 'ट्'ची त्याची कल्पना थोडी सैल झालेली असते आणि संशयाच्या प्रसंगी ते प्रमाण रूपाकडे झुकते. यावर उपाय म्हणजे स्वतःच्या सामग्रीवर, पर्यायी उच्चारांच्या कोशासह, मॉडेल नव्याने शिकवणे. परंतु त्यासाठी बरेच तास आवाज लागतो. एक-दोन तासांचीच सामग्री असेल, तर तयार मॉडेल वापरून त्याचा कल मोजणे अधिक शहाणपणाचे आहे.

निकाल टेक्स्टग्रिडच्या स्वरूपात मिळतो. एका पट्टीवर शब्द, दुसरीवर ध्वनी. प्रातची स्क्रिप्ट किंवा पायथॉनची छोटी आज्ञावली वापरून त्यातून तक्ता तयार करावा. त्यात प्रत्येक उदाहरणासाठी एक ओळ असावी आणि तिच्यात फाइल, बोलणारा, वेळ, शब्द, शब्दाचा प्रकार, आधीचा व पुढचा ध्वनी, कालावधी आणि यंत्राने निवडलेले रूप एवढे रकाने असावेत. आधी ठरवलेल्या वगळण्याच्या अटी येथे लावाव्यात.

कानाने पडताळणी

आता सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि हिच्यावाचून कोणताही आकडा प्रसिद्ध करू नये असे माझे ठाम मत आहे. तक्त्यातून यादृच्छिक नमुना काढावा, तोही प्रत्येक बोलणाऱ्याची आणि प्रत्येक ध्वनिसंदर्भाची उदाहरणे येतील अशा बेताने. यंत्राचे उत्तर लपवून ती उदाहरणे दोन माणसांनी स्वतंत्रपणे ऐकावीत आणि नोंद करावी. उत्तर दिसत असेल, तर कान त्याच्या बाजूने झुकतो. ऐकणाऱ्याची मातृभाषाही येथे आड येते. इंग्रजीतील ओठ-दातांचा आणि दोन ओठांचा 'व' हे दोन ध्वनी आपण एकाच अक्षराने लिहितो आणि सवयीने एकच समजतो, म्हणून त्या जोडीचा अभ्यास असेल तर कानासोबत ध्वनिचित्रही (आवाजातील वारंवारतांचा वेळेनुसार आलेख) पाहावे. दोन माणसांत आधी किती एकमत आहे, ते पाहावे. माणसेच जिथे सहमत नाहीत, तिथे यंत्राकडून त्याहून अधिकाची अपेक्षा करणे रास्त नाही.

यंत्र आणि माणूस यांच्या एकमताची केवळ टक्केवारी फसवी असते. समजा, नमुन्यात २०० उदाहरणे आहेत आणि माणसाच्या मते १६० 'ङ्'ची व ४० 'न्'ची आहेत. यंत्राने १६० पैकी १५० बरोबर ओळखली आणि १० चुकवली. ४० पैकी २४ बरोबर ओळखली आणि १६ चुकवली. एकूण १७४ बरोबर, म्हणजे ८७ टक्के. हा आकडा समाधानकारक वाटतो. पण काहीही न ऐकता प्रत्येक वेळी 'ङ्' म्हणणाऱ्या यंत्रालाही ८० टक्के मिळाले असते. आपल्याला ज्यात रस आहे त्या 'न्'च्या बाबतीत यंत्राने ६० टक्केच उदाहरणे पकडली. योगायोगाने होणारे एकमत वजा करणारे कोहेन यांचे कॅपा हे माप येथे सुमारे ०.५७ येते, आणि तेच परिस्थितीचे खरे चित्र दाखवते. म्हणून माणसाचे आणि यंत्राचे निर्णय समोरासमोर मांडणारा चार घरांचा पूर्ण तक्ता आणि कॅपा, दोन्ही द्यावेत.

याहून गंभीर प्रश्न पुढे आहे. यंत्राच्या चुका सगळ्या बोलणाऱ्यांत सारख्या विखुरलेल्या असल्या, तर गटागटांची तुलना बरीचशी टिकते. त्या एका गटात जास्त असल्या, तर तुलना कोसळते. मॉडेलने ज्यांचे आवाज कमी ऐकले आहेत, त्यांच्या बाबतीत ते अधिक चुकते. त्यातून 'हा गट अमुक उच्चार जास्त करतो' असा निष्कर्ष निघाला, तर तो त्या माणसांवर अन्याय आहे, कारण त्यांच्या तोंडून न निघालेला उच्चार त्यांच्या नावावर लावला जातो. म्हणून पडताळणी प्रत्येक गटासाठी वेगळी करावी, आणि ज्या गटात एकमत कमी असेल त्याची उदाहरणे हाताने नोंदवावीत. ते काम लांबले तरी करावे.

जलद बोलणे, हसत बोललेले शब्द आणि पार्श्वभूमीचा गोंगाट या ठिकाणी चुका एकवटतात, असे बहुधा दिसेल. अशी उदाहरणे वगळायची असतील, तर वगळण्याचा निकष आधी ठरवून सर्वांना सारखा लावावा.

जिथे दोनच पर्याय पुरत नाहीत

सगळे उच्चारभेद 'हे किंवा ते' अशा स्वरूपाचे नसतात. 'फील' शब्दाच्या शेवटचा 'ल' जिभेचा मागचा भाग उचलून जड केला जातो, 'लीफ'च्या आरंभीचा हलका असतो, आणि दोहोंच्या मध्ये अनेक छटा असतात. अशा वेळी यंत्राचा निर्णय घेण्याऐवजी जड 'ल' आणि हलका 'ल' या त्याच्या दोन मॉडेलांच्या जुळणीतील फरक हाच मोजमाप म्हणून घेता येतो. युआन आणि लिबरमन यांनी २००९ साली 'ल'च्या बाबतीत हाच मार्ग वापरला. त्यातून प्रत्येक उदाहरणाला एक चढत्या-उतरत्या मापाचा आकडा मिळतो आणि सीमारेषेवरची उदाहरणे उगाच एका बाजूला ढकलली जात नाहीत. स्वरांसाठी तर वर्गीकरण करूच नये. अलाइनरने दिलेल्या सीमांच्या आत पहिला आणि दुसरा फॉर्मंट (स्वरमार्गातील अनुनादाची वारंवारता) प्रातमध्ये मोजावा आणि माणसामाणसांच्या स्वरमार्गाच्या लांबीतला फरक निघून जावा, यासाठी प्रत्येक बोलणाऱ्याच्या मापांचे सामान्यीकरण करावे.

परभाषकांच्या बोलण्यासाठी 'उच्चाराची योग्यता' मोजणारी एक पद्धत सिल्के विट आणि स्टीव्ह यंग यांनी २००० साली मांडली. अपेक्षित ध्वनीची जुळणी आणि त्या जागी सर्वाधिक जुळणाऱ्या कोणत्याही ध्वनीची जुळणी यांतला फरक ती काढते. भाषाशिक्षणाची अनेक साधने याच कल्पनेवर उभी आहेत. अलीकडे वेव्हटूवेक २.० सारखी, मजकुराविना थेट ध्वनी ओळखायला शिकवता येणारी मॉडेल्सही वापरात आहेत. कोशात आपण कल्पनाही केली नव्हती असा उच्चार सुचवण्यासाठी ती उपयोगी पडतात. मात्र अशा साधनांचा आकडा वाचताना कुणाच्या उच्चाराला माप धरले आहे, हे आधी विचारावे. मापापासूनचे अंतर म्हणजे चूक नव्हे. 'वॉकिन' म्हणणारा माणूस चुकलेला नसतो, आणि 'थ'च्या जागी दंत्य स्पर्शव्यंजन वापरूनही जगात कोट्यवधी लोक एकमेकांना उत्तम समजेल असे इंग्रजी बोलतात. यंत्राने दाखवलेल्या फरकाला दोष ठरवण्याचा अधिकार यंत्राला नाही आणि केवळ त्याच्या आकड्यावरून तो आपल्यालाही मिळत नाही.

विश्लेषण आणि नोंद

तक्ता तयार झाल्यावर विश्लेषणासाठी बोलणारा आणि शब्द यांना यादृच्छिक घटक मानणारे मिश्र लॉजिस्टिक प्रतिमान (दोन रूपांपैकी एक येण्याची शक्यता काढणारी संख्याशास्त्रीय पद्धत) वापरावे. एकाच माणसाची शंभर उदाहरणे म्हणजे शंभर माणसे नव्हेत, आणि 'गोइंग'सारखा एखादा वारंवार येणारा शब्द सगळा निकाल आपल्याकडे ओढू शकतो.

अहवालात अलाइनरची आवृत्ती, मॉडेलचे नेमके नाव, कोशात घातलेल्या पर्यायांची पूर्ण फाइल, वगळलेल्या संदर्भांची यादी, गटवार चार घरांचे तक्ते आणि दोन माणसांमधील एकमत एवढे अवश्य द्यावे. आवृत्ती बदलली की मॉडेल आणि कोशही बदलतात, आणि त्याच आवाजातून वेगळे आकडे निघू शकतात. संमतीत परवानगी असेल तर मुद्रणेही द्यावीत, नसेल तर किमान तक्ता द्यावा आणि त्यात बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावेत. हाताने नोंदवलेली उदाहरणे वेगळ्या फाइलमध्ये, ऐकणाऱ्याच्या क्रमांकासह, जपून ठेवावीत. पुढच्या उच्चारभेदासाठी नवा कोश करून तीच मुद्रणे पुन्हा चालवायची वेळ येईल, तेव्हा नव्या पद्धतीची पहिली परीक्षा त्याच फाइलवर घेता येते.